काच खाणाऱ्याची कवळी

बत्तिशीकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्यांची ताई, आणि तीसुद्धा चिडली तरच. बाकी साऱ्या शहराचे ते बत्तिशीकाका. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ते उभा जन्म कवळ्या करत आले होते. पुढच्या खोलीत डॉक्टर दात काढायचे, मागच्या खोलीत काका ते परत द्यायचे. रस्त्यात कोणी हसत समोर आलं की काका आधी त्याचे दात बघत, मग ओळख देत.

माणूस सावकाश. कवळीच्या बाबतीत घाई म्हणजे हिरडीशी वैर, असं ते मानत. काकू त्याच दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायच्या. यांना जेवायला उठवायचं तर आदल्या दिवशीच सांगून ठेवावं लागतं, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

ताई मात्र अगदी उलट. पायाला भिंगरी. समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायची आणि दर वर्षी उत्तर टोकाच्या बर्फाळ समुद्रात जहाजातून जायची. तिथल्या पाण्यात बारीक जाळं सोडून, प्रवाहाबरोबर तरंगणारे चिमुकले जीव, म्हणजे प्लवक, वर काढायची. आपली बहीण काय करते असं कोणी विचारलं, तर काका सांगत, "लांब जाऊन पाणी गाळते." ताईला हे बोलणं झोंबायचं, पण त्यात चूकही काढता यायची नाही.

एके दिवशी दुपारी ताई थेट मागच्या खोलीत शिरली, स्टुलावरचे प्लास्टरचे जबडे बाजूला सारले आणि बसली. शहरातल्या संग्रहालयाने तिला एक दालन देऊ केलं होतं. बर्फाळ समुद्राच्या पाण्यात काय चालतं ते लोकांना दाखवायचं होतं. हे जीव डोळ्यांना ठिपक्याएवढे, म्हणून त्यांच्या मोठाल्या प्रतिकृती हव्या होत्या. एका कंपनीने नमुने पाठवले होते, पण ते बागेतल्या घसरगुंडीसारखे लालपिवळे. खरे जीव तर आरपार दिसणारे. तसं पारदर्शक काम, कवळीच्या आरपार दिसणाऱ्या टाळूचं, तिने आयुष्यात एकाच माणसाच्या हातचं पाहिलं होतं.

काकांनी मान वर केली नाही. "मी दात करतो, ताई. जनावरं करत नाही."

ताई नाही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तिने तिथला सगळा संसार सांगायला सुरुवात केली. हिवाळ्यात तिथे सूर्य उगवतच नाही. मग हळूहळू उजेड परततो, बर्फातून झिरपून खाली उतरतो, आणि बर्फाच्या पोटाला, खालच्या अंगाला, तपकिरी शेवाळ धरतं. डायटम त्याचं नाव. एकेका पेशीचं शेवाळ, पण प्रत्येकाला स्वतःचं काचेचं घर. त्याच सुमारास खोल पाण्यात हिवाळाभर उपाशी निजलेले कोपेपॉड वर येतात. तांदळाच्या दाण्याएवढे जीव, लांबलचक मिशा, अंगात तेलाचा साठा. ते या शेवाळावर ताव मारतात, मग त्यांच्यावर मासे जगतात, माशांवर सील आणि पक्षी.

काका एका दाढेची कड घासत होते. घासताघासताच त्यांनी विचारलं, "काचेच्या घरातलं शेवाळ तो खातो कसं?"

"चावून."

"काच चावतो?"

"त्याच्या दातांना त्याच पदार्थाची टोपणं असतात. काचेसारखीच."

काकांच्या हातातली कानस थांबली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. किती दात, कुठल्या आकाराचे, झिजतात का, असे प्रश्न सुरू झाले. काकूंनी पुढच्या खोलीतून दोनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू गेली नाही. ताई मनात समजली की मासा गळाला लागला.

त्या दिवसापासून कोपेपॉडचं नाव कोपऱ्या पडलं, आणि दवाखान्यात कोपऱ्याचं राज्य सुरू झालं. काका आधी मेणाचा आकार करत, त्यावरून साचा घेत, मग साच्यात पारदर्शक अ‍ॅक्रिलिक ओतत. डायटमची घरं साबणाच्या डबीएवढी. त्यांच्यावरची नक्षी ते दातांच्याच हत्यारांनी कोरत. संध्याकाळी काकू त्यांच्या माळा ओवत बसायच्या, कारण हे शेवाळ खरोखरच साखळी करून तरंगतं. त्या समुद्रात पंखांनी पोहणारी एक गोगलगाय असते, तिला काकांनी पातळ पंख लावले. मग ताईने छोट्या परीसारख्या दिसणाऱ्या एका जीवाचा फोटो दिला. पोटात केशरी दिवा, दोन्ही बाजूंना इवलेसे पंख. काकांनी तो जीव ओतून केला, आणि नंतर कळलं की ही परी त्या गोगलगाईशिवाय दुसरं काही तोंडात घालत नाही. काकांना वाईट वाटलं. मग त्यांनी दोघींना दालनाच्या दोन टोकांना टांगायचं ठरवलं. ताईने कपाळावर हात मारला आणि दोघींना जवळ आणलं.

खरी खडाजंगी झाली ती कोपऱ्यावरून. तो भोपळ्याएवढा होणार होता. अंग झालं, मिशा झाल्या, पायांचे केस झाले, तेलाचा लांबट थेंब पोटात बसला. पण काका त्याच्या दातांवर अडून बसले. एकेक दात मेणात कोरायचा, मोडायचा, पुन्हा कोरायचा. उद्घाटन तोंडावर आलं आणि दालनातल्या बर्फाचं काम तसंच पडलेलं. एक दिवस ताई तडकली. दात तोंडाच्या आत, खालच्या बाजूला, ते दिसणार कोणाला, असं तिने त्यांच्या खऱ्या नावाने विचारलं.

"कवळीतल्या दाढा तरी कोणाला दिसतात?" काका म्हणाले. "त्या दाखवायला नसतात, चावायला असतात."

ताई पाय आपटत निघून गेली. काकूंनी दोघांचीही समजूत काढायचं टाळलं. ही भावंडं लहानपणापासून अशीच, असं म्हणून त्यांनी माळा ओवायला घेतल्या.

दात झाले. मग काका बर्फाकडे वळले. दालनाच्या छताला अ‍ॅक्रिलिकचे मोठे तुकडे टांगले होते, लोक त्यांच्याखालून चालणार. म्हणजे पाण्यात बुडून वर बर्फाकडे पाहिल्यासारखं. त्याच्या खालच्या बाजूला काकांनी शिडीवर उभं राहून, मान अवघडेपर्यंत, स्पंजाने तपकिरी रंगाचे ठिपके दिले.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी काका आणि ताई दालनात शिरले, तर बर्फ लख्ख. तपकिरी रंगाचा मागमूस नाही. शिडीवर संग्रहालयाची सफाईवाली मावशी शेवटचा कोपरा फडक्याने घासत होती. पाहुणे यायचे म्हणून ती पहाटेच आली होती. छतातून पाणी गळून डाग पडलेत असं तिला वाटलं. डाग हट्टी होते हो, पण काढले, असं तिने वरूनच अभिमानाने सांगितलं.

ताई शिडीखाली धावली. काकांनी बर्फाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि बसून हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"मावशी," ते म्हणाले, "तुम्ही आख्ख्या समुद्राला उपाशी ठेवलंत."

मग त्यांनी तिला तो डाग काय होता ते समजावून सांगितलं. कोपऱ्या वर का येतो, परी कोणामागे धावते, सारं. मावशीचा चेहरा पडला. पण ती रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिने बाह्या सरसावल्या आणि दुसरा स्पंज कुठे आहे ते विचारलं. एका शिडीवर मावशी, दुसरीवर काका, खाली ताई. जिथे बर्फ पातळ तिथे उजेड जास्त, तिथे शेवाळ दाट, असं ताई डोळे मिटून आठवत सांगायची आणि वरची दोघं स्पंज टेकवायची. दाराशी पाहुण्यांचे आवाज आले तेव्हा रंग अजून ओला होता. मावशी दारात उभी राहिली आणि बर्फाला कोणी हात लावायचा नाही, अशी ताकीद देतच एकेकाला आत सोडू लागली.

काकांचे जुने पेशंट झाडून आले होते. नव्या दातांनी हसत ते डायटमच्या माळांखालून फिरले. कोपऱ्याजवळ मात्र गर्दी हलेना. काका पुढे झाले आणि त्यांना दिसलं की कोपऱ्याच्या तोंडाखाली एक लहानसा गोल आरसा तिरका बसवलाय, दातांचे डॉक्टर तोंडात घालतात तसाच. आरशात एकेक दात स्वच्छ दिसत होता. काकांनी असला आरसा लावला नव्हता. त्यांनी मागे वळून पाहिलं. ताई एका पाहुण्याशी घाईघाईने काहीतरी बोलण्यात गुंतली होती आणि मुद्दाम इकडे बघत नव्हती.

एक म्हातारबुवा आरशात वाकून बराच वेळ बघत राहिले. मग, याला बसवलेत तेवढे नीट दात मला का नाही बसवले, असं त्यांनी काकांना विचारलं. काकांनी त्यांना सोमवारी यायला सांगितलं.

त्यानंतर काही महिन्यांनी ताई सफरीहून परतली आणि काकांना आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिथे एक शीतखोली होती. ताईने काकांना स्वतःचा जाडजूड कोट चढवला, त्यात ते गाठोड्यासारखे दिसू लागले. आत काचेच्या भांड्यांत बर्फाळ समुद्राचं पाणी होतं. ताईने त्यातला एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि बाजूला झाली.

काका वाकले. समोर कोपऱ्या होता, जिवंत. मिशा पसरून तो निवांत तरंगत होता, अगदी दालनात टांगल्यासारखा. आणि काकांनी श्वास सोडला तेवढ्यात तो टुणकन उडून नजरेआड झाला.

"हा उड्या मारतो, हे तू मला सांगितलं नव्हतंस," काका म्हणाले.

"तू दातांपलीकडे काही विचारलंस का?"

काका हसले आणि पुन्हा वाकले. थेंबाखालची काच सरकवून त्यांनी त्याला शोधून काढलं, तो पुन्हा उडाला, त्यांनी पुन्हा शोधला. चष्मा धूसर झाला, नाक लाल झालं. ताई बाहेर जाऊन चहा करून आली, खिडकीवर टकटक केली, कप दाखवला. काकांनी पाठमोऱ्यानेच हात हलवून तिला थांबायला सांगितलं.