ग्वादालाहाराचा बेत आणि माझा गुडघा

मुलांनो,

परवा रविवारी तुमच्या मामाने फोनवर तुम्हाला सांगितलं की आजीच्या गुडघ्यामुळे मेक्सिकोचा बेत रद्द करावा लागला. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते आणि दार उघडं होतं. तुम्ही दोघांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केलीत. धाकटीने तर कुठलंसं तेलही सुचवलं. तुमची माया खरी आहे, पण कारण खरं नाही. म्हणून हे आजच लिहिते आहे. आणखी चार दिवस थांबले तर राग उतरेल आणि मी काहीतरी समजूतदार लिहून पाठवीन, जे मला लिहायचं नाही.

बेत कोणाचा होता ते आधी सांगते. मी फेब्रुवारीत इथे अमेरिकेत, मामाकडे चँडलरला आले, तेव्हा तो ठरत आलेला होता. मामाच्या ओळखीची तीन घरं आणि मामाचं एक, अशी चार जोडपी. कोणी पुण्याचं, कोणी मुंबईचं, एक नागपूरचं. सगळे इंजिनियर, सगळे हुशार, सगळ्यांच्या गॅरेजमध्ये दोन-दोन गाड्या. फुटबॉलची जगातली सर्वांत मोठी स्पर्धा यंदा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत भरते आहे, आणि मेक्सिकोतलं ग्वादालाहारा हे शहर इथून विमानाने फार लांब नाही, म्हणून तिथला एक सामना बघायचा. शहराचं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. विमानतळाची तीन अक्षरं घेऊन ते त्याला ‘जीडीएल’ म्हणत.

या आठ जणांपैकी एकानेही आयुष्यात फुटबॉलचा पुरा सामना बघितलेला नव्हता. एकदा जेवताना मी सहज विचारलं की ऑफसाइड म्हणजे काय ते कोण सांगेल. एकाने मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं आणि समजावताना उलटं समजावलं. मग जायचं कशाला, तर ऑफिसातले इतर लोक चालले आहेत, आणि लाइफमध्ये एकदा केलं पाहिजे. या लोकांच्या लाइफमध्ये एकदा करायच्या गोष्टींची यादी फार मोठी आहे आणि प्रत्येक गोष्टीचा फोटो निघावा लागतो.

बेत आखायची त्यांची पद्धत तुम्हाला मजेशीर वाटेल. दर शनिवारी सकाळी आठही जण आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याभोवती उभे राहायचे. बसायचं नाही. ऑफिसात उभ्याने मिटिंग करतात, म्हणजे ती लवकर संपते, म्हणून घरीही उभ्याने. ती कधीच लवकर संपली नाही. पुण्याचे एक गृहस्थ यांचे म्होरके. त्यांनी कॉम्प्युटरवर एक भली मोठी शीट केली होती. प्रत्येक कामाला एक ओळ, प्रत्येक ओळीला एक मालक, आणि काम झालं की रकाना हिरवा. दशम्या कोण करणार, टॅकिला कुठे प्यायची, फोटो कुठल्या चर्चपुढे काढायचे, टी-शर्टचा रंग कुठला. सामना तेविसाव्या ओळीत होता. टी-शर्ट मात्र सर्वांत आधी हिरवे झाले आणि छापूनही आले. पाठीवर ‘चँडलरचे मावळे’. मावळे गड चढायच्या आधी वाट तरी हेरून यायचे.

मला कोणी येतेस का असं विचारलं नव्हतं. शीटमध्ये ‘मुलं आणि खाऊ’ अशी ओळ होती आणि तिच्यापुढे मालक म्हणून ‘काकू’ लिहिलेलं होतं. एरवी मी त्यांना चार शब्द सुनावले असते. या वेळी गप्प बसले, कारण मला जायचं होतं. कोणालाही नसेल इतकं मला जायचं होतं.

तुमच्या आजोबांमुळे. थोरल्या, तू आज ज्या तालमीच्या फुटबॉल संघातून खेळतोस, त्याच संघात ते डावी बाजू राखणारे, डावे बॅक होते, हे तुला माहीत आहे. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी मला सिनेमाला नेलं नाही, सामन्याला नेलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पेठेतल्या पोरांनी चिखलात घातलेला गोंधळ बघून तोंड वाकडं केलं. ते म्हणाले, “कळंल हळूहळू. अक्कल नसली तरी चालतंय, उभं ऱ्हायला पाय पायजेत.” पुढे तीस वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि मला कळायला लागलं. तुमची आई शाळेत असताना हीच स्पर्धा मेक्सिकोत भरली होती. आमच्याकडे टीव्ही नव्हता. आजोबा समोरच्यांच्या दारात उभे राहून बघायचे आणि घरी येऊन पाटावर हरभरे मांडून मला एकेक गोल दाखवायचे. त्या मैदानांची नावं त्यांनीच मला शिकवली, नीट उच्चार करून. आपण एकदा तिथं जाऊन उभं राहायचं, असं ते म्हणायचे. मी हो म्हणायचे, जसं आपण अशा गोष्टींना म्हणतो. ते गेल्यापासून त्या ‘हो’ची मला आठवण होत असते.

म्हणून मी खाऊची ओळ स्वीकारली आणि माझी स्वतःची तयारी वेगळ्या वहीत सुरू केली. मामाकडे बागेतलं गवत कापायला एक गृहस्थ येतात, ते त्याच भागातले निघाले. त्यांचं इंग्रजी आणि माझी इंग्रजी बोलायची पद्धत यांचा मेळ बसायला दोन शुक्रवार गेले. मग त्यांनी मला स्टेडियमकडे कुठून जायचं, ऊन कुठल्या बाजूला पडतं, गर्दीत पाणी कोणाकडून घ्यायचं, सगळं सांगितलं. मी ते वहीत उतरवलं. मामा म्हणाला, “आई, गार्डनरला काय विचारतेस, सगळं ऑनलाइन आहे.” जे गृहस्थ आठ वर्षं त्याचं अंगण राखतात, त्यांचं गाव आपण बघायला चाललो आहोत, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. त्या माणसाचं नावही त्याला माहीत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी केली. प्रवासाआधी सगळ्यांच्या कागदांच्या दोन-दोन प्रती काढायच्या आणि वेगवेगळ्या बॅगांत ठेवायच्या, ही माझी सवय. मी मार्चपासून पासपोर्ट मागत होते. म्होरके म्हणायचे, “काकू, रिलॅक्स. डॉक्युमेंट्स ग्रीन आहेत.” सामन्याला तीन आठवडे उरले तेव्हा मी ऐकलं नाही. शनिवारी सगळ्यांनी पासपोर्ट आणले आणि मी जेवणाच्या टेबलावर एकेक उघडून बसले. मला फक्त पहिलं पान नाही, सगळी पानं वाचायची सवय आहे.

आठही पासपोर्टांतले अमेरिकेच्या व्हिसाचे शिक्के संपलेले होते. एकाचा दोन वर्षांपूर्वी, एकाचा सहा. मेक्सिकोच्या व्हिसा कचेरीची सूचना मी आदल्या दिवशीच वाचून वहीत उतरवली होती: अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. चालू असेल तर.

मी ते वाचून दाखवलं. म्होरके म्हणाले, “पण काकू, एक्स्टेन्शन अप्रूव्ह आहे ना. तीन वर्षांचं.”

मी म्हटलं, “तो कागद इथे राहण्यापुरता आहे. तिथे शिरण्यासाठी नाही.”

यावर त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते म्हणाले, “यार, हे कोणाच्या ओनरशिपमध्ये होतं?” शीट उघडून बघितली. त्यांच्याच. पहिल्या मिटिंगला त्यांनी विचारलं होतं, ऑल गुड? सगळे म्हणाले होते, ऑल गुड. रकाना हिरवा झाला होता.

तुम्हाला वाटेल, कोणाचीही चूक होऊ शकते. होऊ शकते, पण यांची नाही. ही माणसं वर्षानुवर्षं त्या एका कागदावर जगतात. दर तीन वर्षांनी कंपनी कागद वाढवून देते, आणि देशाबाहेर गेलं तर परत यायला नवा शिक्का लागतो, म्हणून ही माणसं बाहेरच जात नाहीत. थोरल्या, आजोबा गेले तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास आणि अग्नी तू दिलास. तुझा मामा तुझ्या बाबांच्या हातातल्या मोबाईलमधून बघत होता. तेव्हा तो मला रडत म्हणाला होता, “आई, स्टॅम्पिंग एक्स्पायर झालंय. निघालो तर परत येता येणार नाही.” स्टॅम्पिंग हा शब्द मी त्या दिवशी शिकले. चार वर्षं मी तो पेठेत घरोघरी समजावून सांगितला. लोक तोंडावर हो म्हणायचे. तुमच्या आईलाही मी गप्प केलं, की त्याला नावं ठेवू नकोस, तिथले नियम तुला माहीत नाहीत.

त्या टेबलावर मी त्याचा पासपोर्ट त्याच्यापुढे ठेवला आणि त्या तारखेवर बोट ठेवलं. त्याने तारीख वाचली. मग म्हणाला, “तेव्हा इंडियाला जायचं होतं गं. हे तर इथंच बाजूला आहे.”

बापाच्या वेळी जो शिक्का डोंगरासारखा आडवा होता, तो चेंडूच्या वेळी त्याला दिसलाच नाही. तो तेव्हा खोटं बोलला नव्हता, हे मला माहीत आहे. शिक्का खरोखर संपलेला होता. पण ज्या गोष्टीने आपल्याला बापाला खांदा देऊ दिला नाही ती माणूस विसरू शकतो, हे मला माहीत नव्हतं. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग तासभर फोनाफोनी झाली. मेक्सिकोच्या कचेरीत व्हिसासाठी मिळणाऱ्या तारखा सामन्यानंतरच्या. वकिलाने सांगितलं, बाहेर पडूच नका. तेव्हा म्होरक्यांच्या बायकोने हिशेब केला की जाऊ शकणारे कोण. इथे जन्मलेली पाच मुलं, त्यांतलं सर्वांत मोठं अकरा वर्षांचं. आणि मी. माझा पाहुण्यांचा व्हिसा दहा वर्षांचा आहे.

मी म्हटलं, “मी जाते.”

कोणी हसलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. मामा म्हणाला, “एकटी? तिथे तुला कोण ओळखतं?”

“मला ओळखीचं माणूस नकोय. मला सामना बघायचाय. दोन रात्रींचं हॉटेल तुम्ही घेतलेलंच आहे, रस्ता माझ्या वहीत आहे.”

“तुला स्पॅनिश कुठे येतं?”

“तुला येतं?”

त्यावर मामी पुढे झाली. ती मुलगी वाईट नाही. मार्चमध्ये पायरी उतरताना माझा पाय मुरगळला होता आणि मी आठवडाभर गुडघ्याला पट्टा बांधला होता, ते तिला नेमकं आठवलं. ती म्हणाली, “आई, पण तुमच्या गुडघ्याचं काय?”

मुलांनो, मी तेव्हा त्या आठ चेहऱ्यांकडे बघत होते. गुडघा हा शब्द निघाला आणि आठही चेहऱ्यांवर एकदम सुटका दिसली. हो ना, काकूंचा गुडघा. एवढं चालणं, एवढ्या पायऱ्या. कसं शक्य आहे. तासाभरापूर्वी पासपोर्ट न वाचणारी माणसं माझ्या सांध्यांविषयी तज्ज्ञांसारखं बोलू लागली. म्होरक्यांनी तिथेच उभ्याउभ्या शीटमध्ये लिहिलं की काकूंच्या तब्येतीमुळे ट्रिप कॅन्सल केली, आणि माझी खाऊची ओळ लाल केली. इतरांना कळवायलाही तेच बरं पडलं. ऑफिसात, मंडळात, आणि आता या रविवारी तुम्हाला.

तिकिटं म्होरक्यांच्या मोबाईलमध्ये होती. पासपोर्ट उघडले त्यानंतरच्या सोमवारीच त्यांनी ती ऑफिसातल्या कोणालातरी देऊन टाकली, माझंही. मला विचारलं नाही. मामाची मुलगी घरात फिरत विचारत होती, “आजी, आर वी स्टिल गोइंग?” तिला मी खरं कारण सांगितलं. ती आठ वर्षांची आहे आणि तिला ते एका वाक्यात कळलं. दुसऱ्या शुक्रवारी बागेचं काम करणाऱ्या गृहस्थांनी मी कधी निघते ते विचारलं. त्यांनाही खरं सांगितलं. ते टोपी काढून म्हणाले की वही जपून ठेवा, रस्ते तेच राहतील.

मामाला मी अजून काही बोललेले नाही. हे पत्र पाठवण्याआधी त्याला वाचायला देणार आहे. त्याला पाठवू नये असं वाटलं तर त्याने तसं माझ्या तोंडावर सांगावं, गुडघ्याचं नाव न घेता.

सामना येत्या आठवड्यात आहे. तो मी इथे टीव्हीवर बघेन, उभी राहून. थोरल्या, तूही बघ, आणि डाव्या बॅककडे लक्ष दे, चेंडूकडे सगळेच बघतात. आठ टी-शर्ट गॅरेजमध्ये खोक्यात पडून आहेत. त्यांतला एक मी फरशी पुसायला काढला आहे.

मी रोज सकाळी ऊन चढायच्या आत कालव्याच्या कडेने दोन मैल चालून येते. माझे दोन्ही गुडघे शाबूत आहेत. वही माझ्याजवळ आहे, आणि माझ्या पासपोर्टवरचा शिक्का अजून सहा वर्षं चालू आहे.