साडभाऊंची भाकितं

आमच्या मोठ्या साडभाऊंइतका सातत्यानं चुकणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. फुलसावंगीकडच्या त्यांच्या गावात पावसापासून पंचायतीच्या निवडणुकीपर्यंत कशाचंही भाकीत ते न मागता करत. अक्षय तृतीयेला घरामागच्या वावरात घट मांडायचे. मधोमध पाण्याची घागर, भोवती तूर, ज्वारी, सरकीचे पुंजके. सकाळी कुठला दाणा कुठे सरकला ते पाहून वर्षाचा निकाल. रात्रीतून उंदीर जेवून गेले असतील, ही शंका त्यांना कधी शिवली नाही. त्यांनी "यंदा बोंडअळी येत नाई" म्हटलं की लोक फवारणीचे पंप दुरुस्तीला टाकत. "कापूस धरून ठेवा, भाव चढते," म्हणाले की दुसऱ्याच दिवशी गाड्या जिनिंगकडे निघत. कापसाच्या त्या वाईट वर्षांत बियाणं विकणाऱ्यांची पत्रकं कधी खरी निघत, कधी खोटी. साडभाऊ कायम खोटे, म्हणून भरवशाचे. लोक घटाला नमस्कार करत, चहा पीत आणि उलटं करायला घरी जात. साडभाऊंना मात्र गाव आपल्याच शब्दावर चालतं असं वाटे.

एका उन्हाळ्यात त्यांना धाप लागायला लागली, पाय सुजले. यवतमाळला इको काढताना मी सोबत होतो. पडद्याकडे मान वाकडी करून ते विचारत होते, "हे जे फडफडून राह्यलं, हे माहंच काय?" हृदयाचा स्नायूच सैल पडला होता. पुढचं काही सांगायचं तर नागपूरला एमआरआय करा, असं ठरलं. तिथे नळीत घातल्यावर "श्वास रोखा, बोलू नका" अशी सूचना आली की हे आतून "रोखला बा" असं कळवत. फोटो हलले आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. करड्या स्नायूत एक पांढरा पट्टा होता. तो व्रण; तो जितका मोठा, तितका अचानक काही होण्याचा धोका जास्त, असं त्यांनी समजावलं. एखाद्या लहान पोरीचं ऐकून घ्यावं तसं हे हसले.

"मंग मी केव्हा जातो ते सांगा ना."

"तसं नेमकं नाही सांगता येत, काका. धोका किती तेवढंच कळतं."

"म्हंजे तुमचा अन् माहा धंदा एकच. तुमच्या घटाले लाईट लागते, एवढंच."

पायऱ्या उतरताना त्यांनी जाहीर केलं, "मी अजून वीस वर्षं कुठी जात नाई." मागून येणाऱ्या आमच्या अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिथल्या तिथे पायरीवर बसल्या. व्रणाचं ऐकून त्या डगमगल्या नव्हत्या.

"हे वापस घ्या," त्या म्हणाल्या. "यंदा मी जातो म्हना."

"काहून? मी खोटं भाकीत करत नाई."

 घरी आठवडाभर बिनफोडणीचं वरण चाललं. शेवटी साडभाऊ ओसरीवर येऊन चार लोकांदेखत पुटपुटले, "यंदा माहं काही खरं नाई." अक्कांनी त्याच संध्याकाळी पुरण घातलं. न्हाव्यानं तर येऊन त्यांचं अभिनंदन केलं. बायकोनं असं का म्हणवून घेतलं, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. पण त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यानंतर दर अक्षय तृतीयेला घटापाशी ते आधी स्वतःच्या जाण्याचं सांगत, मग पावसाचं. गोळ्या वेळेवर घेत, आणि राहत. औषधांनी की अक्कांच्या युक्तीनं, ते त्यांच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.

शेवटच्या वर्षी मी तिथेच होतो. घागरीपाशी बसताना त्यांना दम लागला होता. अक्का वाट पाहत उभ्या होत्या. साडभाऊंनी दाण्यांकडे पाहिलंच नाही.

"मास्तर," ते मला म्हणाले, "यंदा राहावं वाटते बा."

हे भाकीत नव्हतं, म्हणून अक्कांना ते वापस घ्या म्हणता येईना. त्यांनी साडभाऊंच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच पावसाळ्यात कपाशीच्या पऱ्हाटीला कळ्यांची पाती लागली होती तेव्हा ते गेले. त्यांचं बोलणं चुकावं म्हणून गाव जन्मभर टपून बसलं, त्यात मीही होतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. ते शेवटचं एवढं एक मात्र खरं निघायला पाहिजे होतं.