माहेरी बरी, सासरी बॅटरी लो

"मॅडम, ही किल्ली ठेवा तुमच्याकडं आणि मला एक रिक्षा द्या," सुजित म्हणाला. "ती निदान चालू तरी हुतीया."

त्याची गाडी तिसऱ्यांदा टो होऊन आमच्या वर्कशॉपच्या दारात आली होती. गाडी नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. मोठी स्क्रीन, बटणाने स्टार्ट, आणि मालकाच्या मोबाइलशी थेट बोलणारी. हे बोलणंच डोक्याला ताप झालं होतं. गाडी घरी उभी, सुजित डेअरीवर दूध मोजतोय, आणि खिशातला मोबाइल वाजतो : बॅटरी लो. तो घरी येऊन बटण दाबतो. गाडी नुसती टकटक करते आणि गप्प बसते.

मी कोल्हापुरातल्या एका शोरूममध्ये डायग्नोस्टिक टेक्निशियन आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर गाड्यांची पॅथॉलॉजी लॅब चालवते. लॅपटॉप जोडायचा, मीटर लावायचा, दुखणं कुठे आहे ते शोधायचं. औषध काय द्यायचं ते सर्व्हिस मॅनेजर ठरवतात, आणि औषध लागू पडलं नाही की गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं.

सुजित आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. कोल्हापुरात गिऱ्हाईक ओरडलं तर समजावं की सगळं ठीक आहे. चहा मागवला की विषय संपतो. गिऱ्हाईक हळू आवाजात बोलायला लागलं की काळजी करावी. सुजित फार हळू आवाजात बोलत होता, आणि त्याला कारण होतं. त्याची धाकटी बहीण रूपाली पहिल्या बाळंतपणासाठी जयसिंगपूरहून माहेरी आली होती. तिचं ब्लड प्रेशर वाढत होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कळा सुरू झाल्या की घरात कढत पाणी पाजत बसू नका, तडक घेऊन या. म्हणून ही गाडी दारात तयार ठेवलेली. आणि नेमकी हीच गाडी उठायला तयार नव्हती.

पहिल्या वेळी आम्ही बॅटरी बदलली. दुसऱ्या वेळीही बदलली, वर सॉफ्टवेअर अपडेट केलं. हल्ली काही समजेना झालं की सॉफ्टवेअर अपडेट करतात, पूर्वी अंगारा लावायचे. तिसऱ्या वेळी मॅनेजर साहेब म्हणाले, "टाक नवी आणि पाठव."

मी नाही म्हणाले. काढलेल्या दोन्ही बॅटऱ्या मी चार्ज करून तपासल्या होत्या आणि दोन्ही ठणठणीत होत्या. रिकामी घागर बदलून काय उपयोग? गळती कुठे आहे ते बघायला हवं.

आता थोडं शास्त्र. आजकालची गाडी लॉक केली तरी लगेच बंद होत नाही. तिच्या पोटात बरेच छोटे कॉम्प्युटर असतात. गाडी लॉक झाल्यावर ते एकेक करून झोपतात. दार उघडलं की सगळे दचकून जागे होतात आणि पुन्हा झोपायला वेळ घेतात. एखादा जागाच राहिला तर तो गुपचूप बॅटरी पीत बसतो. असा चोर पकडायला आम्ही बॅटरीच्या वायरीभोवती चिमट्यासारखा मीटर लावतो आणि गाडी झोपल्यावर किती करंट जातोय ते बघतो.

मी मीटर लावला. गाडी तान्ह्या बाळासारखी झोपली, कुणीही जागं नाही. मग मी तिला आमच्या आवारात ठेवून घेतली आणि सुजितने तोवर मित्राची व्हॅन मागून आणली. रोज सकाळी बटण दाबलं की गाडी लगेच चालू. एकही वॉर्निंग नाही. मी विजयी मुद्रेने गाडी घरी पाठवली. दुसऱ्याच दुपारी सुजितचा फोन आला. बॅटरी लो.

म्हणजे पोरगी माहेरी हसती-खेळती आणि सासरी गेली की अंथरूण धरणारी. अशा वेळी पोरीला गोळ्या देऊन भागत नाही. सासर बघून यावं लागतं. मी साहेबांना सांगितलं, मी गाडी बघायला त्यांच्या घरी जाते.

"गाडी इथं आणली तरी दिसेल की. घरी जाऊन काय बघणार?"

"घर."

साहेबांनी डोक्याला हात लावला, पण जाऊ दिलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. गाडी बिघडली तर माझा कान धरला जातो, तेवढ्याची मला सवय आहे. पण नको त्या वेळी ती गाडी नुसती टकटक करत उभी राहिली असती तर मला स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं.

सुजितचं घर गवळ्यांच्या गल्लीत. पुढे अंगण, अंगणात पत्र्याखाली गाडी, तिच्या पलीकडे म्हशींचा गोठा. त्याचे वडील आप्पा खाटेवर बसून दावं वळत होते. रूपाली पायरीवर पाय पसरून बसली होती. आईंनी न विचारता चहा ठेवला. मी पहिला प्रश्न विचारला, गाडी कोण कोण वापरतं?

"मी एकटा," सुजित म्हणाला. "आप्पांस्नी तर हात लावू दिलेला न्हाय."

आप्पा म्हणाले, "मला म्हाताऱ्याला त्यातलं काय कळतंय?"

हे ते जरा जास्तच चटकन म्हणाले. रूपाली चहाच्या बशीत फार लक्ष देऊन बघत होती. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझं सगळं लक्ष बॉनेटखाली होतं. वायरींच्या बाबतीत मी हुशार आहे, माणसांच्या बाबतीत जरा उशिरा पेटते.

दारांचे स्विच बघितले, डिकीतला दिवा बघितला, किल्ली घरात कुठे ठेवतात ते बघितलं. सगळं नीट. मग मी मीटर लावला आणि एकेक गोष्ट चालू करून कोण किती करंट खातंय ते मोजायला घेतलं. हेडलाइट. पंखा. मग हॉर्न दाबला.

गोठ्यात काहीतरी कडकन मोडलं. एक काळीभोर म्हैस गळ्यातलं दावं आणि दाव्याला उपटलेला खुंटा ओढत अंगणात आली. बाकीच्या म्हशी रवंथ करत होत्या, त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. ही मात्र सरळ गाडीपाशी आली, वळसा घालून मागच्या बंपरला नाक लावून उभी राहिली आणि वाट बघू लागली.

एकदा आलेला रिझल्ट मी खरा मानत नाही. मी पुन्हा हॉर्न दाबला. म्हैस एवढ्या आनंदाने ओरडली की शेजारचा कोंबडा कुंपणावरून पडला.

सुजितने म्हशीकडे बघितलं. मग आप्पांकडे बघितलं. आप्पांनी दाव्याकडे बघितलं.

"जनावर हाय," आप्पा म्हणाले. "येतंय कदी कदी."

इथे रूपालीला हसू आवरेना. पोट धरून हसत तिने सगळं सांगून टाकलं. "दादा, मीच किल्ली देत हुतो आप्पांस्नी."

बाहेरच्या वाचकांना इथे थोडं सांगायला हवं. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची मिरवणूक निघते. शिंगं रंगवतात, कवड्यांच्या माळा घालतात, शिंगांना मोरपिसं बांधतात. पण खरी इज्जत सजावटीत नसते, पळण्यात असते. मालक मोटारसायकल घेऊन पुढे निघतो आणि म्हैस गर्दीतून, बँडमधून, फटाक्यांतून फक्त आपल्या गाडीचा आवाज ओळखत तिच्या मागे धावते. ही ओळख पटवायला आधी बरेच दिवस तालीम लागते. आप्पांची ही काळी म्हैस, लाडी, गेल्या पाडव्याला गल्लीत सगळ्यांच्या पुढे होती. तिला सवय होती घरच्या जुन्या मोटारसायकलची, आणि नवी गाडी दारात आल्यावर सुजितने ती मोटारसायकल विकून टाकली होती.

"इकताना कुणी इचारलं व्हय मला?" आप्पा म्हणाले. "पाडवा तोंडावर आलाय. आता म्हस काय माझ्या मागं पळणार? माझं गुडघं बघा."

म्हणून रोज दुपारी, सुजित डेअरीवर आणि आई गाढ झोपेत असताना, आप्पा गाडीत बसायचे. ब्रेक न दाबता बटण दाबलं की गाडीचं सगळं चालू होतं, फक्त इंजिन सुरू होत नाही. मिरवणुकीत लागणार म्हणून दोन्ही हेडलाइट, चारही इंडिकेटर. मग हॉर्न. लाडी आली की मूठभर सरकी. मग पुन्हा हॉर्न. तालीम चांगली तासभर चालायची, मग गाडी पुसून, कुलूप लावून, किल्ली जागेवर.

"इंजिन तरी चालू करायचं," मी म्हणाले.

"कशाला? डिझेल जळतंय की."

बॅटरी भरण्याचं काम इंजिन करतं. इंजिन बंद ठेवून एवढं सगळं चालवणं म्हणजे पाण्याची मोटर बंद ठेवून घरातले सगळे नळ सोडणं. मी हे आप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण ते खरे हलले सुजितच्या एका वाक्याने.

"आप्पा," तो म्हणाला, "रूपीला न्यायचं हाय ह्या गाडीतनं."

आप्पांच्या हातातलं दावं खाली पडलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मला वाटलं बॅटरीतच खोट हाय. तुमी दोनदा बदलली की."

हे खरंच होतं. आप्पांवर आलेला माझा राग तिथेच विरघळला.

तालीम बंद करा असं सांगणं सोपं होतं. पण आप्पांचा चेहरा बघून ते सांगवेना, आणि खरं म्हणजे लाडीचा परफॉर्मन्स मलाही आवडला होता. मी वर्कशॉपमध्ये परतले. त्याच मॉडेलची एक अपघातातली गाडी भंगारात निघाली होती. साहेबांची परवानगी काढून तिचे दोन्ही हॉर्न सोडवले. ते एका फळीवर बसवले, जुनी बॅटरी जोडली आणि दारावरच्या बेलचं बटण लावलं. आवाज हुबेहूब तोच. आता गाडी नुसती उभी राहणार आणि हॉर्न फळीवर वाजणार. मी फळी त्यांच्या अंगणात नेऊन ठेवली आणि आप्पांनी बटण दाबलं. लाडी आली, फळीला हुंगलं, आणि शहाण्यासारखी गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

साहेबांची अडचण वेगळीच होती. कंपनीच्या सिस्टिममध्ये दोष कशामुळे आला ते निवडावं लागतं. वायरिंग, सेन्सर, बॅटरी, सॉफ्टवेअर असे पर्याय असतात. म्हैस नव्हती. साहेबांनी बराच विचार करून 'इतर' निवडलं.

त्यानंतर वॉर्निंग आली नाही. तरी मी रोज सुजितला फोन करत होते. आणि एका दुपारी, मी डबा उघडत असताना, त्याचाच फोन आला. मागे फार गोंगाट होता.

"मॅडम, पयल्या बटणाला चालू झाली. दवाखान्यात पोचलो. रूपीला आत घेतली."

मी डबा बाजूला सारला. डोळ्यांत पाणी आलं, आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही. मग म्हटलं, एवढं चांगलं झालंय तर याचा आवाज असा का?

"काय झालं?"

"गल्लीच्या तोंडाला टेंपो आडवा हुता. हॉर्न मारला."

पुढचं त्याने सांगायची गरज नव्हती. लाडीने खुंटा उपटला होता. सुजितची गाडी पुढे, चारही इंडिकेटर लावलेले, आणि मागे काळीभोर म्हैस चौखूर. ज्या रस्त्यावर अँब्युलन्सला वाट मिळत नाही तिथे लोक आपोआप बाजूला झाले. आत रूपाली एक कळ आली की ओरडत होती, कळ ओसरली की मागच्या काचेतून बघून हसत होती. आप्पा तिचा हात धरून सांगत होते, "बघ, एकदाबी चुकली न्हाय."

दवाखान्याच्या फाटकावर वॉचमनने लाडीला अडवलं. तिला धरून आप्पा बाहेरच उभे राहिले, त्यामुळे मुलगी झाल्याची बातमी नर्सला रस्त्यावर येऊन सांगावी लागली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप होत्या. आप्पांनी आधी ते लाडीच्या कानात सांगितलं म्हणे.

पाडव्याला सुजितने गाडी चालवली, इंजिन चालू ठेवून. शेजारी आप्पा, हात हॉर्नवर. लाडी यंदाही पुढेच होती.

तेव्हापासून माझी तपासणीची पद्धत बदललीय. बॅटरीची तक्रार आली की मी लॅपटॉप उघडत नाही. आधी मालकाला विचारते, घरात ही गाडी अजून कोण कोण वापरतं? उत्तर आलं, "कुणी न्हाय," की त्याच्या घरी जाते आणि एकदा हॉर्न वाजवून बघते.