माझ्या बाजूचा कॉल

टेनिसच्या सरांनी मॅचचा व्हिडिओ थांबवला तो नेमका माझ्या तोंडावर. क्लबच्या हॉलमधल्या मोठ्या स्क्रीनवर मी. डोळे फाटलेले, ओठ सुकलेले. खुर्च्यांवर आमची सगळी बॅच, त्यांचे आईवडील.

"बॉल वीतभर बाहेर पडलाय," सर म्हणाले. "आणि ही पॉइंट देऊन मोकळी. बाप बॉल उचलून देतो, लेक पॉइंट उचलून देते."

सगळे हसले. रियाची आई तर डोळे पुसत हसली. रिया म्हणजे त्या मॅचमध्ये माझ्यासमोर खेळणारी, क्लबच्या कमिटीतल्या साहेबांची मुलगी.

माझे बाबा या पार्ल्याच्या क्लबात मार्कर. कोर्टवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मेंबरांचे बॉल गोळा करायचे. त्यांच्यामुळेच मला कोर्ट मिळालं, नाहीतर आरेतल्या खोलीतून कोण येतंय टेनिस खेळायला. आमच्या मॅचला अंपायर नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. बाबांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "डाऊट इलो तर देऊन टाक गो. मेंबरांच्या पोरांशी वाद नको." मी डाऊट नसतानाही देत गेले. सरांच्या रिपोर्टात मी 'मेंटली वीक' झाले.

प्रो टूर्नामेंटच्या क्वालिफाइंगला क्लब एकीचंच नाव पाठवणार होता. रिया किंवा मी. आमच्यात मॅच लावली, जिंकेल ती जाणार.

शेवटच्या सेटमध्ये रियाचा फोरहँड रेघेबाहेर पडला. मातीत खूण स्पष्ट. कोपऱ्यात बाबा रोलर धरून उभे.

"आऊट," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत म्हटलं.

मॅच बघत बसलेले साहेब उठले. माझ्याशी बोललेच नाहीत. बाबांना हाक मारली, "ए, इकडे ये. तू सांग रे, आत की बाहेर?"

बाबांनी वाकून बघितलं. मान वर न करता म्हणाले, "आत असेल, साहेब."

मला बाबांचा राग आला नाही. भीती वाटली. वाकलेली ती पाठ उद्या माझी असणार, याची भीती.

"बाबा, बाजूला व्हा," मी म्हटलं. "माझ्या बाजूचा कॉल माझा. आऊट."

मॅच मी जिंकले. नाव अजून पाठवलेलं नाही. बाबांना क्लबच्या ऑफिसात बोलावलंय. घरी ते माझ्याशी बोलत नाहीत. आईला म्हणतात, "तिका इचार, उद्या खातलंव काय?"

भीती जाते असं मला कुणी सांगू नका. जात नाही. बाबांची नोकरी गेली तर ती माझ्यामुळे गेली, हे मी चारचौघांत कबूल करीन. पण बाहेर पडलेला बॉल आत होता, हे यापुढे माझ्या तोंडून कुणीही वदवून घेऊ शकणार नाही. बाबासुद्धा नाही.