वाशीच्या नर्सिंग होममधलं शॉकचं मशीन

बाकीच्यांकडे लग्नातल्या गमती असतात, ट्रिपच्या गमती असतात. आम्हा जुन्या सिस्टर्सकडे हे असले किस्से साठतात. सांगून संपत नाहीत, फेकवतही नाहीत!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. वाशीत एका छोट्या मेंटल नर्सिंग होममध्ये मी नोकरीला होते. डोक्याला विजेचा शॉक द्यायचं मशीन होतं, भूल द्यायला मात्र कोणी नव्हतं. वॉर्डबॉय पेशंटचे हातपाय दाबायचे. दातांत रबर देऊन जबडा धरायचा, ते काम माझं.

*

पहिला किस्सा चांगला आहे. उरणच्या फातिमाखाला महिनाभर भिंतीकडे बघत पडून होत्या. शब्द नाही, घास नाही. नळीनं दूध द्यायचो. तिसऱ्या शॉकनंतर दुपारी अचानक म्हणाल्या, "सिस्टर, चाय हाय का?"

दिला. एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "इतका पांचट?"

मी रडले, आया रडल्या, डॉक्टरांनी पेढे वाटले!

तिथेच घोळ झाला. डॉक्टरांना वाटलं, हे सगळ्यांनाच चालतं. झोप येत नाही? शॉक. फार बोलतो? शॉक. बोलतच नाही? शॉक!

*

बेलापूरच्या सरकारी ऑफिसातले क्लार्क कांबळे. त्यांना टेबलावर बांधलं, दातांत रबर दिलं, आणि लाइट गेली! कांबळ्यांनी रबर थुंकलं आणि जोरात ओरडले, "वीज मंडळाचा विजय असो!"

सगळे हसलो. डॉक्टरसुद्धा.

दहा मिनिटांनी लाइट आली. कांबळे अजून हसतच होते. तशा हसत्या तोंडातच मी रबर परत कोंबलं.

*

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीतला ऑपरेटर. सारखी तक्रार करायचा, "वास येतो, डोकं फिरतं." सुपरवायझरच त्याला गाडीत घालून घेऊन आला. "डॉक्टर, याला भास होतात. वासाचे!"

पाच शॉक झाले. डॉक्टरांनी विचारलं, "आता येतो वास?"

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "नाही येत, साहेब."

सुपरवायझर खूश. घेऊन गेला.

पुढच्याच रविवारी मी एसटीनं तळोज्यावरून चालले होते. कंपनी जवळ आली तशी अख्ख्या बसनं नाकाला रुमाल लावला. कंडक्टरनं पण!

*

एकदा धीर करून विचारलं, "डॉक्टर, हे मशीन डोक्यात नक्की करतं काय?"

"रेडिओ खरखरला की आपण थापड मारतो ना? तसंच."

"आणि थापडेनं बिघडला तर?"

"तर तो रेडिओच खराब होता, सिस्टर!"

पुढे त्यांच्याच मिसेस खचल्या. खाणं सोडलं, पडून राहायला लागल्या. डॉक्टरांनी त्यांनाही शॉकच द्यायचा ठरवलं. फक्त मुंबईला नेलं. तिथे भूल देत होते.

*

शेवटचा सांगते आणि थांबते.

बेलापूरच्या कोळीवाड्यातली हिरा. तिचा सात वर्षांचा परशा खाडीत बुडाला. त्यानंतर ही रोज कमरेएवढ्या चिखलात उभी राहून हाका मारायची. जेवण नाही, झोप नाही. नवरा नारायण तिला घेऊन आला. हात जोडून म्हणाला, "कायपन करा, पन हिला जगवा."

सहा शॉक झाले. सातव्या दिवशी सकाळी हिरा आपण होऊन उठली, केस विंचरले, आयाकडून अबोली मागून माळली. नारायण डबा घेऊन आला, तर तिनं तो हातातून ओढूनच घेतला. मासळी बघून हसली. किती दिवसांनी!

दोन घास खाऊन थांबली. "परशाला ठेवलंस ना? शालेतशी भुकेला येल तो."

नारायणनं माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी मान खाली घालून केसपेपरवर लिहिलं, 'उत्तम सुधारणा. डिस्चार्ज.' आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले.

हिरा जेवत होती. नारायण माझ्यामागोमाग पॅसेजमध्ये आला. हळूच म्हणाला,

"सिस्टर, हिला मी सांगू, का तुमी सांगाल?"