रोजच पौर्णिमा

आमच्या बेटावरच्या गावात पालोलो कधी येणार, हे माझा मोठा भाऊ उएले सांगतो. पालोलो म्हणजे प्रवाळाच्या खडकातले शेवयांसारखे हिरवे जीव, आमची वर्षाची मेजवानी. चंद्र उतरत अर्धा झाला की वर्षातल्या एखाद्या पहाटे ते लाटांवर तरंगतात आणि ऊन चढलं की विरघळून जातात. ती पहाट हुकली तर वर्षभर बसा हात चोळत.

दादाचं तोंड मोठं. पोरांनी विचारलं, सकाळी चंद्र कसा दिसतो, की हा हातात नारळ धरून अंगणात उभा. "त्याला स्वतःचा उजेड नाही रे. सूर्याकडची बाजू तेवढी उजळते. पौर्णिमेला सूर्य इकडे, चंद्र तिकडे, आपण मध्ये, म्हणून अख्खा दिसतो. मग रोज उशिरा उगवतो. अर्धा झाला की मध्यरात्री निघतो, तो सकाळी डोक्यावर. पुढे सूर्याजवळ सरकतो, उजळ बाजू पलीकडे जाते आणि काळी आपल्याकडे. मग काय दिसणार, कप्पाळ?"

यंदा ऑक्टोबरात सकाळी कोको पिताना मी विचारलं, "दादा, किती उरला?"

त्याने वर पाहिलं. "चांगला गुबगुबीत आहे. अजून तीनचार दिवस जातील."

मीही वर पाहिलं. कोयत्याने नारळ फोडावा तसा बरोबर अर्धा चंद्र होता.

"उजळ बाजू कुठली?" मी विचारलं.

"पूर्वेची. सूर्य तिकडे आहे ना! मला शिकवतेस?"

उत्तर बरोबर होतं, पण त्यासाठी वर बघायची गरजच नव्हती. लबाड कुठला! मी कप खाली ठेवला आणि खरं सांग म्हणून शपथ घातली. आमच्याकडे भाऊ बहिणीचा शब्द मोडत नाही. मोडला तर त्याच्या घराला शाप लागतो म्हणतात.

"मला सगळेच गोल दिसतात गं, सिनिवा," तो म्हणाला. "गोल आणि पिंजलेले. पौर्णिमेपासून दिवस मोजावेत, तर पौर्णिमा झाली कधी? माझी रोजच पौर्णिमा. बाबांसारखं भिंत चाचपत बसायची वेळ आलीय."

मला त्याचा भयंकर राग आला आणि तितकीच दयाही. गावाला खरं सांगावं तर त्याचा मान जातो, गप्प बसावं तर गावाचा घास जातो.

"उद्या पहाटे येणार," मी म्हणाले. "जा, सांगून ये. तूच सांग."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच सगळं गाव गळ्यात मोसोओईच्या फुलांचे हार घालून कमरभर पाण्यात उभं होतं. मी देवाचा धावा करत होते. आधी पाण्यावर तपकिरी फेस आला, मग वास, आणि मग जाळ्यांत हिरवे गुंतेच गुंते. बायका किंचाळायला लागल्या. माझा जीव भांड्यात पडला.

शेजारचा लाफाएले ओरडला, "वा रे उएले! काय नजर आहे!"

दादा पाण्यात तसाच उभा राहिला. मग मोठ्याने म्हणाला, "नजर सिनिवाची. मला काही दिसत नाही."

"अरे, माहीत आहे!" लाफाएले हसला. "गेल्या रविवारी चर्चमध्ये माझ्या बायकोला पाद्रीबुवा म्हणून नमस्कार केलास. ती अजून तोऱ्यात आहे!"

समुद्रात तशी हसाहस मी कधी ऐकली नव्हती. दादाही हसला, आणि इतक्या दिवसांचं ओझं त्याच्या खांद्यावरून उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

त्याच आठवड्यात लाफाएलेने त्याला धरून बोटीने आपिया शहरातल्या इस्पितळात नेलं. मीही गेले. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मोतीबिंदू आहे, आजोबा. काढून टाकू. इतके दिवस काय करत होतात?" दादाने मान खाली घातली. बाबांनाही हेच झालं असेल का, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने शस्त्रक्रियेची तारीख चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात ठेवली.

एका डोळ्याची पट्टी सुटल्यावर आम्ही संध्याकाळच्या बोटीने घरी निघालो. सूर्य नुकताच बुडाला होता. दादा कठड्याला टेकून पश्चिमेकडे बघत होता. एकाएकी त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"गोल नाहीये गं," तो म्हणाला. "नखाएवढीच कोर आहे." आणि सगळ्या बोटीसमोर तो लहान मुलासारखा रडला.