‘इतर’ नावाचा रकाना

नोकरीच्या पहिल्या दिवशी डॉ. श्यामला मेहेंदळे यांनी मला एकच गोष्ट विचारली.

"ऋषी, खोडरबर वापरतोस?"

"वापरतो की, मॅडम."

"इथे नाही वापरायचं. चुकलं तर वरून एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. आधी काय चुकलं होतं तेही वाचता आलं पाहिजे."

करमाळ्याच्या शाळेत आम्हाला बरोबर उलटं शिकवलं होतं. खाडाखोड दिसली की छडी. पण मी मान डोलावली. सदाशिव पेठेत वाद घालायचा तर माणूस निदान तीन पिढ्या तिथला असावा लागतो, आणि माझ्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा होता.

मॅडम रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर, त्यातही रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या. वय सहासष्ट, उंची जेमतेम पाच फूट, आवाज त्याहून बराच उंच. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिन्याच्या पायथ्याशी त्यांच्या अक्षरातली पाटी आहे: ‘कितव्या पायरीवर दम लागला ते मोजून डॉक्टरांना सांगावे.’ येणाऱ्याला तो पेठेचा खवटपणा वाटतो. मॅडम मात्र खरंच विचारतात आणि लिहून घेतात. अंगात रक्त किती उरलंय त्याचा पहिला अंदाज त्यांना जिन्यावरूनच येतो.

त्यांचे वडील पेठेतल्याच शाळेत गणित शिकवायचे. मुलीने मोजण्याचंच काम धरलं, फक्त आकड्यांऐवजी पेशी. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, डाव्या हातातलं मोजणीयंत्र टकटक वाजवत त्यांनी आयुष्यात किती पेशी मोजल्या असतील याचा मी एकदा हिशेब मांडायला घेतला होता. "तेवढ्या वेळात शंभर मोजून झाल्या असत्या," असं म्हणून त्यांनी कागद काढून घेतला.

त्या शिकून आल्या तेव्हा त्यांच्या अभ्यासातल्या आजाराला, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या एका रक्तकर्करोगाला, फारसं औषध नव्हतं. निदान सांगायचं म्हणजे चार-पाच वर्षांची मुदत सांगायची. त्यांचा पहिला रुग्ण मार्केट यार्डातला हमाल, बजरंग. प्लीहा सुजून पोट पुढे आलेलं. तो म्हणायचा, "डाक्टरीणबाई, पाठीवरचं पोतं उतरवता येतं, ह्ये पोटातलं कोण उतरवनार?" चौथ्या वर्षी तो गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी या आजाराची रोज घ्यायची गोळी आली आणि माणसं मुदत ओलांडून जगू लागली.

बजरंगची बायको दाखला न्यायला आली तेव्हा तिच्याशी काय बोलावं ते मॅडमना सुचेना. कार्डावर पेशींचे आकडे होते, माणसाचं काहीच नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक कार्डावर शेवटी एक रकाना आला: ‘इतर’.

त्यात काय नाही? ‘म्हैस व्यायली, रेडकू.’ ‘धाकटीचं लग्न मोडलं, बरं झालं म्हणतात.’ ‘नवी चप्पल चावते.’ अशी दोनशे बारा चालू रुग्णांची कार्डं संगणकात भरणं हे माझं काम. गोळी इतकी वर्षं घेऊनही काहींवर ती पुढे चालेनाशी का होते, हा मॅडमचा वीस वर्षांचा प्रश्न. मी सगळे रकाने भरले, ‘इतर’ वगळून. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेला माणूस रेडकाची सरासरी कुठून काढणार?

आता सरुबाईंचं सांगतो.

सरुबाई विश्रांतवाडीच्या पलीकडच्या, गाव संपून सोसायट्या उगवलेल्या भागातल्या. अकरा वर्षं गोळी चालू. नातू इंद्रजीत त्यांना भल्यामोठ्या गाडीतून आणायचा, आजीला दारात उतरवायचा आणि गाडी लावायला जागा शोधत फिरायचा. बहुतेक वेळा त्याची जागा आणि आजीची तपासणी एकदमच उरकायची.

दर तीन महिन्यांनी तपासणी. दहा हजारांत किती पेशी आजारी, एवढाच आकडा बघायचा. सरुबाईंचा आकडा दहा वर्षं चारच्या आसपास होता. गेल्या वर्षात तो वीस झाला, मग साठ, मग दीडशे. शंभरापुढे गेला की गोळी निकामी धरायची आणि दुसरं, जास्त जालीम औषध द्यायचं. ते हृदयाला जड. सरुबाई बहात्तर वर्षांच्या, झडप आधीच अधू. ते औषध त्यांना झेपेल याची खात्री मॅडमना नव्हती आणि न द्यावं तर आजार उसळणार हे नक्की होतं.

त्यांनी सगळं तपासून पाहिलं होतं. पेशींत गोळीला दाद न देण्याजोगा काही बदल झालाय का, तर नाही. शेवटी सरळ विचारलंही होतं.

"सरुबाई, गोळी चुकवता का?"

"आईची आण. येक दिस न्हाई चुकवली."

मॅडमनी कार्डावर लिहिलं: ‘औषध लागू पडत नाही.’

नवं औषध सुरू करायचा दिवस सोमवार ठरला. आमचा रुग्णांचा दिवस सोमवारच. सरुबाई आल्या, मॅडमनी चहा मागवला, बिस्किटांचा डबा पुढे केला.

"नको, बाई."

मॅडमचा हात डब्यावरच थांबला. "ऋषी, सरुबाईंची माहिती."

मी संगणक फिरवून त्यांच्यापुढे धरला.

"हे नको. कार्ड आण."

कार्ड आणलं. मॅडम चष्मा कपाळावर सरकवून ‘इतर’ वाचू लागल्या. "बिस्किटं दोन. बिस्किटं दोन, एक नातवाला. बिस्किटं तीन, लपवून." दहा वर्षं हेच. मग गेल्या वर्षात: "बिस्किट नको. बिस्किट नको. बिस्किट नको." त्यांनी कार्ड खाली ठेवलं. "सरुबाई, तुम्हाला माझी बिस्किटं कधीपासून आवडेनाशी झाली?"

"आवडत्यात की. पर सोमवार हाय ना."

"उपवास?"

"सोमवारचा आन गुरुवारचा."

"आणि त्या दिवशी गोळी?"

सरुबाईंनी मॅडमकडे अशा नजरेने बघितलं की डॉक्टर नक्की कोण आहे असा प्रश्न पडावा. "तुमीच सांगितलंय न्हवं, सकाळी जेवल्याबिगर घ्याची न्हाई, पोट जळंल? मग उपासाला कशी घ्याची? दुसऱ्या दिशी जेवून घेती की."

"अहो, पण मी विचारलं होतं चुकवता का म्हणून!"

"चुकवनं येगळं. ह्यो उपास हाय."

इतक्यात इंद्रजीत गाडी लावून धापा टाकत वर आला. मॅडमनी त्याला बसूही दिलं नाही. घरी फोन करून देवघरात बघायला सांगितलं. देवाशेजारच्या पितळी डब्यात गोळ्या निघाल्या. एकशे चार. वर्षाचे सोमवार आणि गुरुवार, एकही कमी नाही. सरुबाई म्हणाल्या, "टाकून कशा द्याच्या? तुमच्या हातच्या हायेत."

मग मॅडमनी हळूच विचारलं, "हे उपास कशासाठी धरलेत?"

सरुबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मला आठवलं.

वर्षापूर्वी मॅडमची बायपास झाली तेव्हा दवाखाना बंद असल्याचं सगळ्या रुग्णांना मीच फोन करून कळवलं होतं. दोनशे बारा फोन. बाकीच्यांना तारखा सांगितल्या. सरुबाई रडायला लागल्या म्हणून त्यांना म्हणालो, ‘आजी, आता देवाला सांगा.’ करमाळ्यात हे वाक्य फोन ठेवण्याआधी म्हणायचं असतं, बाकी त्यात काही नसतं. सरुबाईंनी खरंच सांगितलं. पाच वर्षं सोमवार-गुरुवार धरीन, पण डाक्टरबाईंना नीट कर.

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. खाली कुणीतरी इंद्रजीतच्या गाडीच्या नावाने ओरडत होतं. बराच वेळ त्यांनी तेच ऐकल्यासारखं केलं. परत येऊन त्यांनी कार्ड ओढलं, ‘औषध लागू पडत नाही’वर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: ‘डॉक्टरने उपवास विचारला नाही.’ रेघेखालचं वाक्य स्वच्छ वाचता येत होतं.

"नवं औषध आज नाही," त्या म्हणाल्या. "तीन महिने हीच गोळी, रोज. आणि सरुबाई, ते उपास सोडा. मी बरी आहे."

"तेच तर. बऱ्या हायेत म्हनून सोडता येत न्हाईत. देवाला पाच वर्सं बोललीय."

"मग उरलेले मी करते. तब्येत माझीच आहे."

"बायपास झालेल्या मान्सानं उपाशी ऱ्हायाचं? कोन डाक्टर सांगतंय असं?"

शेवटी तह झाला. उपास राहणार, पण त्या दोन दिवशी सकाळी दहाला राजगिऱ्याचे दोन लाडू आणि तांब्याभर पाणी, आणि त्यावर गोळी. देवाला काही हरकत असेल तर त्याने थेट मॅडमशी बोलावं. "मी दहाला फोन करीन," मॅडम म्हणाल्या.

"करा. आन तुमची गोळी कोन बघतंय? हृदयाची?"

मॅडमनी कागद सारखे करायला घेतले. त्यांची गोळी आठवड्यातून तीनदा टेबलाच्या खणातच राहते, हे मला माहीत होतं. मी खाकरलो. सरुबाईंना तेवढं पुरलं.

तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी दहा वाजता इंद्रजीतच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लागतो. दोन म्हाताऱ्या एकमेकींसमोर गोळी गिळतात.

"गिळली का? आ करा बघू," पलीकडून हुकूम येतो. आणि रक्ताच्या कर्करोगावर आयुष्य घालवलेली बाई माझ्याकडे पाठ करून मुकाट्याने आ करते.

मधल्या काळात मी पुन्हा दोनशे बारा फोन केले, एकच प्रश्न विचारायला. अडतीसजण उपवासाला गोळी घेत नव्हते. ज्यांच्यावर ‘गोळी चालत नाही’ असं मॅडमच्या शोधनिबंधात लिहिलं होतं, त्यातले बरेच त्या अडतिसांत निघाले. छापायला निघालेला निबंध मॅडमनी परत मागवला. "वीस वर्षं," त्या एवढंच म्हणाल्या, आणि दुसऱ्या मिनिटाला, "‘इतर’ संगणकात घालायला किती दिवस लागतील?" मी म्हशींसकट सगळं भरायला घेतलं.

तीन महिन्यांनी सरुबाईंचा अहवाल आला. मॅडमनी पाकीट उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. दहा हजारांत अकरा.

जिन्यावर पावलं वाजत होती. सरुबाई पायऱ्या मोजत वर येत होत्या, मोठ्याने. मॅडमनी डबा पुढे ओढला. त्यात आता राजगिऱ्याचे लाडू असतात. कार्डावर आकडा त्याच्या रकान्यात गेला. ‘इतर’समोर त्यांनी लिहिलं, ‘लाडू दोन’, आणि पेन तसंच धरून दाराकडे बघत थांबल्या. तिसरा घेतला तर लिहायला हवा.